शेड आणि शॅडो, सावली तर एकच ना?

मामा_जळगाव:
भाची नववीला आहे, सुट्टीत शून्य सावली दिवसावर इंग्लिशमध्ये प्रोजेक्ट दिलंय. आपल्या जळगाव-धुळ्याकडे तो मेच्या शेवटच्या आठवड्यात येतो, दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोब्बर डोक्यावर आणि उभ्या काठीची सावली गायब. तिने वर लिहिलं झिरो शेड डे, मॅडमनी खोडून झिरो शॅडो डे केलं. डिक्शनरीत दोन्हीकडे सावलीच दिलीय, मग बिघडलं कुठे?

केळीबाग_रावेर:
मॅडम बरोबर आहेत भो. वस्तूचा जो काळा आकार जमिनीवर पडतो तो शॅडो, माणसाचा म्हणा, काठीचा म्हणा. शेड म्हणजे ऊन लागत नाही ती जागा. रोपांवर शेडनेट टाकतो ना आपण, शॅडोनेट कोणी म्हणतं का? निंबाखाली बसलो ते इन द शेड. आणि शॅडो मोजता येते, अ शॅडो, टू शॅडोज, बसायच्या शेडला अ लागत नाही. पत्र्याचं शेड वेगळं हां, त्याचं स्पेलिंगच निराळं.

इंग्लिश_क्लास_धुळे:
एवढं सरळ नाही ते. इन द शॅडो ऑफ द बिल्डिंग पण बरोबरच आहे, कशाची सावली ते सांगितलं की शॅडो चालतं. मुळात शब्द एकच, जुन्या इंग्रजीत त्याची विभक्तीप्रमाणे रूपं बदलायची, आपलं पाणी-पाण्या होतं तसं, त्यातल्या दोन रूपांचे पुढे दोन शब्द झाले.
खरा घोळ निबंधात होतो. पोरं लिहितात आय ग्र्यू अप इन माय फादर्स शॅडो, मनात असतं वडिलांच्या छत्रछायेत वाढलो, आणि इंग्लिश वाचणाऱ्याला कळतं की बापाच्या नावापुढे पोरगं झाकोळून गेलं! इंटरव्ह्यूत हे वाक्य टाकलं तर समोरचे भलतंच समजतील. त्यापेक्षा सरळ लिहा, माय फादर लुक्ड आफ्टर मी वेल.

मामा_जळगाव:
हे भारी सांगितलं सर, भाचीला लगेच पाठवलं. मग गॉगलला शेड्स म्हणतात ते कुठल्या खात्यात?

केळीबाग_रावेर:
शेडच्याच. डोळ्यांना उन्हापासून आडोसा. लॅम्पशेड पण तसंच, उजेड सरळ डोळ्यावर येऊ नये म्हणून. आयशॅडोचं मात्र मला विचारू नका, ते धुळेवाले सर बघतील.