मुंबईत कुठे काय घ्यावं? तुमच्या गल्लीचा अनुभव लिहा

मुंबईत एखादी वस्तू कुठे मिळेल असं विचारलं की जुनी माणसं दुकानाचं नाव सांगत नाहीत, गल्लीचं सांगतात. घरासाठी दिवे हवेत? लोहार चाळ. लग्नपत्रिका? खाडिलकर रोड. पाने, ड्रिल, बेअरिंग? नागदेवी. एकाच मालाची वीस-पंचवीस दुकानं शेजारी शेजारी असली की कुणाला भाव फार चढवता येत नाही, आणि गादीवरचा माणूस त्या मालात मुरलेला असतो. सगळं घरपोच येऊ लागल्यापासून ही माहिती आपल्या आई-मावश्यांच्या तोंडीच उरली आहे. ती लिहून ठेवायला हवी असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही जिथे राहता किंवा वर्षानुवर्षं ज्या बाजारात जाता त्याबद्दल लिहा. काय घ्यावं, कधी जावं, काय पारखावं. चार ओळीही चालतील. मॉल मात्र नको.

सुरुवात मी करते. माझा बाजार क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई. इमारत १८६९ची. प्रवेशदारावर शेतकऱ्यांची कोरीव शिल्पं आहेत, ती लॉकवुड किपलिंग यांची. आत शिरायच्या घाईत लोक वर बघतच नाहीत, तुम्ही बघा. मी जाते ती केकच्या सामानासाठी. साचे, चॉकलेटच्या लाद्या, इसेन्स, बटर पेपर, सगळं एका फेरीत होतं. सुका मेवा घेताना चव घेतल्याशिवाय वजन करायला सांगू नका. अंजीर आणि जर्दाळू यांच्यात दर्जाचा फरक डोळ्यांना कळत नाही, जिभेला कळतो. सामान जड झालं तर पाटीवाले असतात. टॅक्सीपर्यंतचा दर आधी ठरवा आणि व्यवस्थित द्या. ती मंडळी दिवसभर डोक्यावर ओझं वाहतात, तिथे घासाघीस मला पटत नाही.

लालबागची लेक

ताई, छान विषय. मी मसाल्यावरच लिहिणार.

मार्च ते मे या दिवसांत लालबागच्या मसाला बाजारात यायचं. पाऊस सुरू झाला की मिरचीत ओल धरते, म्हणून वर्षाचा मसाला त्याआधीच व्हायला हवा. मिरची एकाच जातीची घेऊ नका. ब्याडगी आणि काश्मिरी रंगाला, संकेश्वरी किंवा लवंगी तिखटाला, आणि पांडी दोन्हीच्या मधली. आमच्या घरच्या मालवणी मसाल्यात एक किलो मिरचीला अर्धा किलो धणे पडतात. पुढे बडीशेप, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, हळकुंड, हिंगाचे खडे. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं असतं, म्हणून आपली यादी लिहून न्या. यादी नसेल तर दुकानदाराला सांगा की मसाला मालवणी हवा, आगरी-कोळी हवा की सीकेपी. तो त्याप्रमाणे वजनं काढून देतो.

मिरची हातात घेऊन वाकवून बघा. कडक आवाज करून तुटली तर सुकी, नुसती वाकली तर ओलसर. देठ काढायला बायका बसलेल्या असतात, त्यांची मजुरी वेगळी. मग भाजणं, मग डंकावर कुटणं. आपला नंबर लागेपर्यंत डंकाजवळ थांबायचंच. आधीच्या घाण्यातला थोडा मसाला आपल्यात येतो, तर आधीचं काय कुटलं होतं हे विचारून घ्यावं. नाकाला ओला रुमाल बांधा, दम्याच्या माणसाने मात्र आत थांबूच नये. मसाला गरम असताना डबा घट्ट लावायचा नाही. घरी आल्यावर पसरून गार करायचा आणि मग भरायचा, वर हिंगाचा खडा.

हा बाजार गिरणगावामुळे वाढला. कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांच्या घरांना गावचीच चव हवी होती. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, तरी मे महिन्यात विरार-कल्याणहून लोक इथेच येतात. माझ्या सासूबाई अजून डब्याला हात लावण्याआधी मसाल्याचा वास घेतात आणि मगच पसंती देतात.

बाजूच्या चिवडा गल्लीतून येताना मक्याचा चिवडा आणायला विसरू नका.

गिरगावकर काका

आम्ही मूळचे ठाकूरद्वारचे. भांड्यांसाठी आजही तांबाकाटा. तांब्या-पितळेची भांडी वजनावर विकली जातात, नगावर नाही. त्यामुळे काट्याकडे लक्ष ठेवायचं आणि दर किलोचा विचारायचा. घरी जुनी पातेली, फुटके बंब, वापरात नसलेल्या घागरी असतील तर बरोबर न्या. मोड म्हणून घेतात आणि नव्याच्या किमतीतून वजा करतात. दोन-तीन दुकानांत मोडीचा भाव विचारा, तिथे फरक पडतो. पितळी पातेल्यात रोज स्वयंपाक करायचा असेल तर कल्हई हवीच. भांडं घेतानाच कल्हई करून द्याल का ते विचारा, कारण दारावर येणारे कल्हईवाले आता दुर्मीळ झाले आहेत.

तिथून भुलेश्वर चालत. देवाचे कपडे, पूजेचं साहित्य, लेस, बटणं, खोटे दागिने. गर्दी फार, पण संध्याकाळपेक्षा सकाळी अकराच्या सुमारास बरी. आता मेट्रो ३ची काळबादेवी आणि गिरगाव स्थानकं झाल्यामुळे आमच्यासारख्या गुडघे दुखणाऱ्यांना मोठीच सोय झाली.

झवेरी बाजारात जाणार असाल तर एकच सांगतो. दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी क्रमांक असतो, १ एप्रिल २०२३पासून तो बंधनकारक आहे. बीआयएस केअर अॅपवर तो टाकून तिथल्या तिथे बघता येतो. कितीही ओळखीचा सराफ असला तरी बघा. चांगला सराफ स्वतःच भिंग पुढे करतो. घडणावळ आणि घट बिलात वेगळी लिहून घ्या.

कळव्याचा बाबा

मुलाच्या क्रिकेटसाठी धोबीतलावाला जातो. मेट्रो सिनेमाच्या आसपास खेळाच्या सामानाची जुनी दुकानं आहेत, आणि क्रॉस मैदान, आझाद मैदान पायाच्या अंतरावर असल्यामुळे गिऱ्हाईक बहुतेक खेळणारंच असतं. दुकानदार मुलाला उभं करतो, स्टान्स घ्यायला लावतो आणि मगच बॅटची साईज काढतो. मोठी घेऊ म्हणजे दोन वर्षं चालेल, असा विचार आई-बाप करतात. ते दुकानदार ऐकत नाहीत, आणि ते बरोबर आहे. जड बॅटने पोराचा फटका बिघडतो. बारा वर्षांखालच्या मुलाला काश्मीर विलो पुरते. इंग्लिश विलो घेतलीत तर मॅलेटने ठोकून तयार करायला वेळ द्यावा लागतो, ते काम तिथेच करून मिळतं का विचारा.

भांडुपची विद्यार्थिनी

लॅमिंग्टन रोड! इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टला सेन्सर, रेझिस्टर, छोट्या मोटारी सगळं तिथे. पार्टचा नंबर लिहून न्या, नुसतं वर्णन करू नका. रविवारी जाऊ नका.

नाशिकहून

सगळ्यांचं वाचतेय. भाचीचं लग्न ठरलंय. मी आणि वहिनी दोन दिवस मुंबईत येणार आहोत. साड्या, ब्लाऊजपीस, रुखवताचं सामान, पत्रिका. कसं बसवावं?

दादर पश्चिम

नाशिकच्या ताई, एक दिवस दादरला द्या. हिंदमाताला साड्या आणि ड्रेस मटेरिअल, तिथे आहेराच्या दहा-वीस साड्या एकदम घ्यायच्या असतील तर भाव चांगला मिळतो. मानाच्या मोजक्या साड्यांसाठी पश्चिमेला रानडे रोडकडे या. तयार नऊवारीही इकडेच. दादरची बरीच दुकानं सोमवारी बंद असतात, दक्षिण मुंबईचे घाऊक बाजार रविवारी. म्हणजे शनिवार-रविवार आलात तर शनिवार तिकडे, रविवार दादर. जून-जुलैत येणार असाल तर मोठ्या पावसाच्या दिवशी हिंदमाता टाळा, तिथे पाणी भरतं हे साऱ्या मुंबईला माहीत आहे.

फुलांबद्दलही लिहिते. स्टेशनजवळचा फूलबाजार पहाटेच भरतो. सोनचाफा वसईच्या वाड्यांतून येतो, लोकलने. सकाळी लवकर गेलात तर टोपलीत अजून दव असतं. सणाच्या आदल्या संध्याकाळी झेंडू सर्वांत महाग, सणाच्या दिवशी दुपारनंतर दर कोसळतो. लग्नासाठी वेण्या-हार हवे असतील तर आठवडाभर आधी प्रत्यक्ष येऊन विसार देऊन ठेवा. दसऱ्याला आपट्याची पानं, पाडव्याला कडुलिंब घेऊन पालघरकडच्या आदिवासी बायका पुलाखाली बसतात. त्यांच्याकडून घ्या. रात्रभर प्रवास करून आलेल्या असतात.

धागा काढणारी

वहिनींच्या ब्लाऊजपीससाठी माझी भर. मंगलदास मार्केट, क्रॉफर्डच्या समोरच्या अंगाला. आत छताखाली गल्ल्याच गल्ल्या, कापड मीटरवर. मॅचिंग करायची साडी बरोबर आणाच. आत ट्यूबलाईटचा उजेड असतो, त्यात मोरपंखी आणि हिरवा सारखाच दिसतो. कापडाचं टोक धरून दारापर्यंत चला आणि उन्हात बघा, दुकानदार स्वतः बरोबर येतो. तिथून पत्रिकांसाठी खाडिलकर रोड टॅक्सीने जवळ आहे. मजकूर मराठीत पक्का टाईप करून आणा आणि छापण्याआधी प्रूफवर सही करण्यापूर्वी घरातल्या दोघांनी तरी वाचा. जोडाक्षरं नीट उमटली आहेत का ते आधी बघायचं.

वर्सोव्याहून

आम्ही कोळी. मासळीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. ससून डॉक १८७५चा, भाऊचा धक्का माझगावला. दोन्हीकडे लिलाव पहाटे होतो, उजाडल्यावर गेलात तर उरलंसुरलं. पाटीच्या हिशोबाने घ्यावं लागतं, म्हणून शेजारच्या तीन-चार घरांनी मिळून जा. पायांत रबरी चपला, चांगले कपडे नकोत.

पापलेटचा कल्ला दाबून बघा, पांढरं पाणी आलं तर ताजं. सुरमईचा काप घेताना मांस बोटाने दाबलं की परत वर आलं पाहिजे. बोंबील गुलाबी आणि चमकदार हवा, पिवळट झालेला सोडून द्या. जून-जुलैत मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत मोठी मासळी ताजी म्हणून कुणी दिली तर ती बर्फातली आहे असं धरून चला. त्याऐवजी सुकी घ्या. आमच्या बायका मे महिन्यात काठ्यांवर बोंबील वाळवतात, तो माल पावसासाठीच असतो. अंडी पोटात घेऊन फिरणारा मासा त्या दोन महिन्यांत वाचला तरच पुढे आपल्या ताटात येणार आहे. याबाबतीत गिऱ्हाइकांनीही साथ द्यावी, ही कळकळीची विनंती.

माटुंगा

फार नाही लिहीत. केळीची पानं, मोगऱ्याचे गजरे, समोर दळून दिलेली कॉफी. चिकोरी किती टक्के ते तुम्ही सांगायचं. किंग्ज सर्कलला माहेश्वरी उद्यानाजवळ पदपथावर जुनी पाठ्यपुस्तकं मिळतात, वर्ष संपल्यावर तीच परतही घेतात. कमी फीमध्ये शिकणाऱ्या कितीतरी मुलांचं शिक्षण त्या पदपथाने सोपं केलं आहे.

भायखळा

चोर बाजार, मटन स्ट्रीट. जुन्या दरवाजांच्या पितळी कड्या, बिजागऱ्या, घड्याळं, सिनेमाची पोस्टरं. दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण शुक्रवारी अगदी पहाटे रस्त्यावर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो तो वेगळाच. विजेरी न्या. पितळ म्हणून दिलेल्या वस्तूला चुंबक लावून बघा. चिकटलं तर आत लोखंड आहे.

डोंबिवलीकर

मध्य रेल्वेवरच्या लोकांना दर वेळी मुंबई गाठायची गरज नाही हो. ठाण्यात जांभळी नाक्याला किराणा आणि पूजेचं सगळं मिळतं. जीन्स आणि फर्निचर उल्हासनगर. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी छावणीच्या बराकींतून उभा केलेला हा बाजार आहे, आणि घाऊक भावात किरकोळ विकायला तिथे कुणी नाही म्हणत नाही. फर्निचर घेताना कपाटाची मागची फळी बघा. पुढून सगळीच चकचकीत असतात.

धारावी, नव्वद फुटी रस्ता

दिवाळीच्या पणत्या कुंभारवाड्यातून घ्या. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची वस्ती आहे, घराच्या दारातच चाक आणि भट्टी. नवरात्र संपलं की लगेच या, दिवाळीच्या तोंडावर घाऊक व्यापारी सगळा माल उचलतात. पणती बोटाने वाजवून बघा, खणखणीत आवाज आला तर नीट भाजलेली. पाण्यात बुडवून ठेवल्यावर तेल कमी पितात. माठ घेणार असाल तर तो मार्चमध्ये, आणि रंग न दिलेला मागा.

नाशिकहून

सगळ्यांचे आभार. शनिवार मंगलदास आणि खाडिलकर रोड, रविवार दादर असं ठरलं. रुखवतासाठी तांबाकाटाही शनिवारातच बसवतो. काका, आमच्याकडे आजीचा एक मोठा तांब्याचा हंडा आहे, बुडाला चीर गेलेली. मोडीत द्यावा की डाग देऊन (चीर सांधून) घ्यावा?

गिरगावकर काका

आजीचा असेल तर मोडीत देऊ नका. चीर बोटभर असेल तर डाग बसतो, तांबाकाट्याच्या मागच्या गल्ल्यांत अजून काम करणारे आहेत. हंडा रिकामा आणि घासून आणा, चीर कुठवर गेली ते घासल्याशिवाय दिसत नाही. शनिवारी सकाळीच द्या, संध्याकाळी परत घेऊन जाता येईल.