मदत हवी आहे : ‘अपसामान्य’ (अ‍ॅबनॉर्मल) नक्की कोणत्या निकषावर ठरतं?

नमस्कार मंडळी,

नोकरी सांभाळून मानसशास्त्राचा बहिःस्थ अभ्यास सुरू केलाय आणि पहिल्याच प्रकरणात गाडी अडली आहे. अपसामान्य वर्तनाचे चार निकष दिलेत : विचलन (म्हणजे इतरांपेक्षा वेगळं असणं), मनस्ताप, रोजच्या कामकाजातला बिघाड आणि धोका. पाठ करायला सोपे आहेत, पण एकेक घासून बघितला की हातात काही उरत नाही.

विचलनच घ्या. बुद्ध्यांकाची सरासरी १००, सरासरीभोवतीचा पसारा मोजणारं प्रमाण विचलन १५. ७० च्या खाली साधारण २ टक्के लोक येतात आणि १३० च्या वरही तेवढेच. पण १३० वाल्याला कोणी उपचाराला पाठवत नाही. उलट नैराश्य इतकं सर्रास आढळतं की ‘दुर्मीळ म्हणून अपसामान्य’ तिथे लागूच पडत नाही. समाजाच्या रीतीपासून ढळणं हे माप धरलं तर आणखीच पंचाईत. १८५१ मध्ये सॅम्युएल कार्टराइट या अमेरिकन डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्यालाच आजार ठरवलं होतं, ‘ड्रेपटोमेनिया’ असं भारदस्त नाव देऊन! समलैंगिकता अमेरिकन मानसोपचार संघटनेने विकारांच्या यादीतून काढली ती १९७३ मध्ये. माणसं तीच, यादी बदलली.

मनस्ताप म्हणावा, तर उन्मादाच्या भरातला माणूस सांगतो की इतकं छान आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. धोक्याबद्दल तर पुस्तकच म्हणतं की बहुतेक मनोरुग्ण कोणाच्या अंगावर जात नाहीत. मग तो निकष यादीत कशाला?

आता खरं कारण सांगते. माझा मोठा भाऊ. बाहेर पडताना कुलूप लावतो, ओढून बघतो, दोन पायऱ्या उतरतो, परत चढतो, पुन्हा ओढतो. ओठांतल्या ओठांत मोजत असतो. मध्येच कोणी हाक मारली की मोजणी पहिल्यापासून. विचारलं तर म्हणतो, “तुम्हालाच घाई असते.” त्याला त्रास नाही, नोकरी व्यवस्थित आहे, धोका कोणालाच नाही. त्रास होतो तो खाली उभं राहून वाट बघणाऱ्या आम्हाला. मग कोणाचा मनस्ताप मोजायचा? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

(अवांतर : घरात याला सरळ ‘मंत्रचळ’ म्हणतात. तो शब्द त्याच्यासमोर वापरू नका, असं मी सगळ्यांना बजावलंय.)

प्रतिसाद १

हा विषय बरीच वर्षं शिकवलाय, म्हणून लिहितो. हे निकष म्हणजे एकाखाली एक लावलेल्या चार चाळण्या नव्हेत. एकटा कोणताच पुरत नाही, आणि चारही जमलेच पाहिजेत असंही नाही. धोक्याचं तुमचं बरोबर आहे. तो क्वचितच लागू पडतो, पण पडतो तेव्हा थांबायला वेळ नसतो, म्हणून यादीत आहे.

डीएसएम-५ (त्याच अमेरिकन संघटनेची विकारांची यादी, २०१३ ची) मधली व्याख्या काढून वाचा. विचार, भावनांवरचा ताबा किंवा वर्तन यांत लक्षणीय गडबड हवी, आणि तिच्या मुळाशी मानसिक, जैविक किंवा विकासाच्या प्रक्रियेतला बिघाड हवा. मनस्ताप किंवा अडचण ‘सहसा’ सोबत असते, असं म्हटलंय. तुमचा उन्मादवाला माणूस त्या ‘सहसा’मध्ये बसतो. शिवाय स्पष्ट लिहिलंय की जवळचं माणूस गेल्यावरचं अपेक्षित दुःख हा विकार नव्हे, आणि समाजाशी पटत नाही एवढ्यावरून कोणी विकारग्रस्त ठरत नाही.

जेरोम वेकफिल्ड या अभ्यासकांनी १९९२ मध्ये ‘हानिकारक बिघाड’ अशी कल्पना मांडली. बिघाड ही वस्तुस्थितीची बाब, हानी ही मूल्यांची. दोन्ही हवेत. पळणाऱ्या गुलामाच्या मनात काहीच बिघडलेलं नव्हतं, त्यामुळे कार्टराइट पहिल्याच पायरीवर बाद. हे मला पटतं, पण अर्धंच. मनाची कोणती यंत्रणा मुळात कशासाठी आहे, हे ठरवायचं कोणी? आणि रेषा शेवटी माणसंच आखतात. दीर्घकाळ न ओसरणारा शोक २०२२ च्या डीएसएम आवृत्तीत विकार म्हणून आला, प्रौढांसाठी किमान १२ महिने अशी अट घालून. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीमध्ये तीच मर्यादा ६ महिन्यांची आहे.

प्रतिसाद २

ताई, परीक्षेचं उत्तर वर मिळालंय. मी फक्त भावाबद्दल लिहिते. कुलूप दोनदा ओढणारे आपण सगळेच. मंत्रचळाच्या निदानात विचारतात की असले विचार आणि कृती दिवसाचा तासाभरापेक्षा जास्त वेळ खातात का, किंवा त्यापायी मनस्ताप होतो का, कामात अडथळा येतो का. आणि हे आपल्याला अति होतंय याची जाणीव कोणाला असते, कोणाला कमी, कोणाला अजिबात नसते. म्हणून ‘मला काही होत नाही’ यावरून ना हो ठरतं ना नाही. किती वेळा ओढतो हे मोजू नका. न ओढता निघालास तर काय होईल असं वाटतं, ते विचारा. चारचौघांत नको. निदान मात्र घरच्यांनी करायचं नसतं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री विचारलं. आधी हसला, मग बराच वेळ गप्प. म्हणाला, “न ओढता गेलो तर दिवसभर दारच दिसत राहतं.” मग हळूच बोलला की संध्याकाळचं फिरायला जाणं त्याने बंद केलंय, कारण दुसऱ्यांदा कुलूप लावावं लागतं. आम्ही समजत होतो, कामाने दमतो म्हणून जात नाही. म्हणजे त्रास नाही असं नव्हतंच, त्रास होऊ नये म्हणून त्याने दिवसच लहान करून घेतला होता. हे कोणत्या निकषात बसवायचं?

प्रतिसाद २

रोजच्या कामकाजातल्या बिघाडात. याला टाळणं म्हणतात, आणि बाहेरून ते दिसत नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाल तेव्हा कुलपाच्या आधी हे फिरण्याचं सांगा. तो तयार आहे का यायला?

धागाकर्ती

‘बघू’ म्हणालाय. पण दारापर्यंत सोबत ये म्हणाला.