सबव्हर्जनमधून गिटवर जाताना जुनी नावं कशी टिकवायची?

प्रश्न: आमचा मराठी शुद्धलेखन तपासनीस हा प्रोग्रॅम २००९ पासून सबव्हर्जनवर (फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारी प्रणाली) आहे. नवी मुलं त्याच कामाची दुसरी प्रणाली, गिटच शिकून येतात, म्हणून हलवायचं ठरलं. काल 'गिट एसव्हीएन' (सबव्हर्जनचा इतिहास गिटमध्ये आणणारी आज्ञा) चालवलं, तर मध्येच थांबलं. एक खातं ऑथर्स-फाइलमध्ये (कोणतं खातं कोणाचं, ती यादी) नाही म्हणे. सुरुवातीचे हजारो शब्द घालणारे दोघे आज हयात नाहीत. त्यांची नावं पुसली जाऊ नयेत, एवढंच मला हवंय.

उत्तर: ताई, फाइलमध्ये ते खातं घाला आणि पुन्हा फेच करा (इतिहास ओढून आणा), थांबलं तिथून पुढे जाईल. सगळी खाती 'एसव्हीएन लॉग'मधून (सबव्हर्जनच्या बदलांची नोंद) आधीच काढून ठेवा. ईमेल चालू असायलाच हवा असं नाही, पण नाव पूर्ण लिहा.

उत्तर: 'नो-मेटाडेटा' पर्याय देऊ नका, त्याने सबव्हर्जनचे आवृत्ती क्रमांक गळतात. जुन्या संदेशांत "आर ८१२ मधली चूक" (म्हणजे ८१२व्या आवृत्तीतली) असं लिहिलेलं असतं. तो क्रमांक गेला की संदर्भच हरवतो. टॅगही (ठरावीक आवृत्त्यांना दिलेली नावं) तपासा, ते रिमोट शाखा बनून येतात, खरे टॅग हाताने करावे लागतात. जीसीसी या कंपायलर प्रकल्पाने जानेवारी २०२० मध्ये सबव्हर्जन सोडलं, तेव्हा इतिहास नीट यावा म्हणून रेपोसर्जन हे साधन वापरलं होतं. तुमच्या शाखा गुंतागुंतीच्या असतील तर तेही बघा.

प्रश्नकर्ती: झालं! ब्लेम (कोणती ओळ कोणी लिहिली ते दाखवणारी आज्ञा) लावून पाहिलं, 'ज्ञ'च्या शब्दांपुढे त्या दोघांतल्या काकांचं पूर्ण नाव दिसतंय. आता टॅग करते. जुना सर्व्हर मात्र फक्त वाचण्यापुरता वर्षभर चालू ठेवणार आहे.