वादळानंतर किनाऱ्यावर सापडलेले समुद्रपक्षी: पहिल्या काही तासांत काय करावं, काय टाळावं?

ओहोटी

वादळ गेल्यावर दोन-तीन दिवस किनाऱ्यावर, आणि कधीकधी पार आतल्या धरणा-तलावांवरही, एरवी खोल समुद्रात राहणारे पक्षी मिळतात. बूबी, शीअरवॉटर, स्टॉर्म पेट्रेल, सूटी सुरय, एखादा फ्रिगेट. स्वयंसेवकांसाठी एक पानी सूचनापत्र करायचं आहे. पशुवैद्य किंवा परवानाधारक उपचार केंद्र गाठेपर्यंतचे चार-सहा तास, एवढीच त्याची व्याप्ती. तीन मुद्द्यांवर नेमकी मतं हवी आहेत. बसलेला पक्षी दमलेला आहे की जखमी, हे लांबून कसं ओळखायचं? पेटीत ऊब कशी द्यायची? तोंडाने काही द्यायचं का?

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये "चोचीत ओआरएस सोडा, तरतरी आली की समुद्रात सोडा" असं असतं. माझ्या मते यातली दोन्ही वाक्यं घातक आहेत. पण का, ते दोन ओळींत सांगता आलं पाहिजे, नाहीतर कोणी ऐकत नाही.

खडपी

ओळखण्यापासून सुरुवात करतो, कारण निम्मे घोळ तिथेच होतात.

"दोन्ही पाय मोडलेत" असा फोन आला की आधी विचारा, पक्षी कोणता. शीअरवॉटर आणि पेट्रेल यांचे पाय शरीराच्या बरेच मागे असतात. ते जमिनीवर ताठ उभे राहत नाहीत, पोटावर आणि नडगीवर सरपटतात. ती त्यांची नेहमीची चाल आहे. खरंच मोडलेला पाय एका बाजूला लोंबतो किंवा भलत्याच कोनात वळलेला दिसतो. पंखांचंही तसंच, दोन्ही पंखांची टोकं शेपटीवर सारख्या उंचीवर टेकतात का ते बघा. एक खाली घसरत असेल तर दुखापत धरून चाला.

फ्रिगेटचं गणित वेगळं. पंख अवाढव्य, पाय इवलेसे, त्यामुळे सपाट वाळूवरून त्याला उठताच येत नाही. शिवाय त्याची पिसं पाणी धरतात, म्हणून तो पाण्यावरही बसत नाही. अंग कोरडं असेल आणि नजर तल्लख असेल तर वाऱ्याकडे तोंड करून उंच कठड्यावर ठेवा आणि मागे सरा. पुष्कळदा तेवढं पुरतं. सूटी सुरयही पाण्यावर फारसा बसत नाही, त्याला "समुद्रात सोडणं" म्हणजे बुडवणंच.

तलावावर घिरट्या घालणाऱ्या, मासे पकडणाऱ्या सुरयांच्या आणि कुरवांच्या वाटेला जाऊ नका. वारा पडला की ते आपले आपण परततात. बोट घेऊन मागे लागणाऱ्या फोटोग्राफरांना आवरलंत तरी पुष्कळ झालं.

उचलायचा तो कोणता? ओलाचिंब झालेला, माणूस तीन-चार पावलांवर आला तरी न हलणारा, मान टाकलेला, किंवा ज्याच्या भोवती कावळे-कुत्री जमली आहेत असा.

पिसारा

पेटी आणि तोंडावाटे देणं, या दोन्हींबद्दल.

झाकणाचं पुठ्ठ्याचं खोकं घ्या, पक्ष्याला वळता येईल इतपतच मोठं. भोकं पेटीत पक्षी ठेवण्याआधी पाडा. तळाशी जुना टॉवेल घाला आणि त्याचा कडेने गोल कडा करून द्या. समुद्रपक्ष्यांना कठीण तळावर बसायची सवय नसते. सगळा भार छातीच्या मधल्या हाडावर येतो आणि काही दिवसांत तिथे जखम होते. गवत, पेंढा, भुसा अजिबात नको. दमट पेंढ्यात बुरशी धरते आणि तिचे कण श्वासातून गेले की फुप्फुसांत आणि वायुकोशांत ॲस्परजिलोसिस होतो. या पक्ष्यांत तो फार लवकर बळावतो आणि एकदा झाला की बरा करणं कठीण.

ऊब एकाच बाजूने द्या. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या एका टोकाला ठेवा, म्हणजे नको तेव्हा पक्ष्याला सरकता येईल. पेटीतली हवा २८ ते ३० अंश असली की पुरे. चोच उघडून धापा टाकायला लागला तर बाटली काढा. हेअर ड्रायर वापरू नका, त्या आवाजाने पक्षी आणखी घाबरतो. झाकण लावून अंधार करा. दर दहा मिनिटांनी उघडून "कसा आहे" बघणं ही काळजी नव्हे, तो छळ आहे.

आता ओआरएस. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या बुडाशीच उघडते. चोच उघडून थेंब सोडले की पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. द्रव द्यायचा तो नळी अन्ननलिकेत घालून, शिकलेल्या माणसानेच. प्रमाण साधारण किलोमागे ५० मिली, म्हणजे ४०० ग्रॅमच्या शीअरवॉटरला एका वेळी २० मिली, तेही अंगाइतकं कोमट करून. गारठलेल्या पक्ष्याला तेसुद्धा नाही, कारण अंग थंड असताना पचनमार्ग जवळपास थांबलेला असतो. पोटातलं उलटून श्वासात जातं. आधी ऊब, मग द्रव, मग पातळ केलेला माशांचा लगदा, आणि सर्वांत शेवटी अख्खा मासा. हा क्रम मोडला की "मासा खाल्ला आणि तासाभरात गेला" ही तक्रार येते.

सूचनापत्रासाठी तुमच्या दोन ओळी: "चोचीत पाणी सोडू नका, ते श्वासात जातं. उपाशी, गार पक्ष्याला मासा पचत नाही."

दर्याकाठ

पिसारा यांच्याशी सहमत. बूबीबद्दल एक भर घाला, ती जीवघेणी चूक आहे.

बूबीला बाहेरून नाकपुड्या नसतात, तो तोंडाच्या कोपऱ्यांतून श्वास घेतो. चावू नये म्हणून कोणी चोचीला चिकटपट्टी किंवा रबर गुंडाळलं तर तो गुदमरतो. पाणकावळे आणि पेलिकन यांनाही तोच धोका. पट्टीऐवजी मागून टॉवेल टाका, डोक्याच्या मागे जबड्याखाली बोटांनी धरा, पंख मिटलेले ठेवून अंग काखेत घ्या. छाती आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचं हाड हललं तरच हवा आत जाते. चोच सरळ डोळ्यांवर येते, त्यामुळे धरणाऱ्याला गॉगल हवाच. शीअरवॉटर आणि पेट्रेल यांची काही मंडळी पोटातलं दुर्गंधी तेल ओकतात, तोंड स्वतःपासून लांब धरा.

हातमोज्यांचा आग्रह धरा. कारणं दोन. हाताचं तेल किंवा क्रीम पिसांना लागलं की तिथलं पाणीरोधक आवरण बिघडतं. दुसरं म्हणजे बर्ड फ्लू. मान पिळवटलेली, तोल जातोय, गोल फिरतोय, किंवा एकाच पट्ट्यात बरेच पक्षी मेलेत, असं दिसलं तर हात न लावता कळवा. कोंबड्या पाळणाऱ्या घरात पेटी ठेवू नका.

गळ किंवा तंगूस तोंडातून बाहेर आलेला असेल तर ओढू नका, आणि चोचीलगत कापूही नका. वीतभर दोरा बाहेर ठेवला की पशुवैद्याला गळ कुठे आहे ते शोधता येतं.

ओहोटी

हे सगळं घेते. दुसरं वाक्य राहिलं, "तरतरी आली की सोडा". एका रात्रीत डोळे चमकायला लागतात, तेव्हा लोकांना थांबवणं अवघड जातं.

खडपी

त्यांना सांगा, वारा हा अर्धाच प्रश्न आहे, उरलेला अर्धा उपासमार. २०१३-१४ च्या हिवाळ्यात युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावर लागोपाठच्या वादळांनंतर ५०,००० हून जास्त समुद्रपक्षी मेलेले सापडले, त्यांत पफिन सर्वाधिक. खवळलेल्या समुद्रात दिवसेंदिवस शिकार न जमल्याने ते खंगत गेले होते. पेटीत तरतरीत वाटणारा पक्षीही आतून तसाच रिकामा असू शकतो. छातीच्या हाडाची धार बोटाला सुरीसारखी लागत असेल तर मांस झडलेलं आहे, त्याला आठवडे लागतील. केंद्रातही गोठवलेल्या माशांबरोबर बी-१ जीवनसत्त्व द्यावं लागतं, कारण साठवणीत ते नष्ट होतं. घरगुती सोय त्याला पुरणार नाही.

पिसारा

आणि पिसांची चाचणी. पाण्यावर बसणाऱ्या जातींना टाकीत काही तास सलग पोहू देतात, मग पोटाची पिसं फुंकरून बघतात. आतली मऊ पिसं ओली निघाली तर सोडायचं नाही. सूटी सुरय आणि फ्रिगेट यांना टाकीत घालत नाहीत. वरून पाण्याचा फवारा मारून थेंब ओघळतात का बघतात, शिवाय मोठ्या पिंजऱ्यात उडवून पाहतात. वजन भरलं, पिसं पाणी झेलतात, उडणं सरळ आहे, हे तिन्ही जमल्यावरच सोडायचा.

स्टॉर्म पेट्रेल आणि शीअरवॉटर यांना अंधार पडल्यावर, दिव्यांपासून लांब सोडावं. दिवसा घारी आणि कुरव टपलेले असतात आणि उजेडाकडे ते परत ओढले जातात. हवेत भिरकावू नका. पाण्यालगत, वाऱ्याकडे तोंड करून ठेवा, उठायचं तेव्हा तो उठेल.

लाटांकित

मेलेल्यांसाठीही एक चौकट ठेवा, ती माहिती वाया जाते. शेजारी मोजपट्टी ठेवून चार फोटो घ्या: पाठ, पोट, उघडलेला पंख वरून आणि खालून, चोच बाजूने. ठिकाण आणि तारीख लिहा. पायात कडं असेल तर आकड्यांबरोबर त्यावरचा पत्ताही टिपा. झिजलेलं कडं तिरप्या उजेडात धरलं की अक्षरं दिसतात. कडं जिवंत पक्ष्याच्या पायात असेल तर काढू नका.

निरीक्षकांनी कुठे बघावं, हेही त्यात बसेल. उत्तर गोलार्धात वादळाच्या वाटचालीच्या दिशेने तोंड केलं तर उजव्या हाताला वारा सर्वांत जोरदार असतो, दक्षिण गोलार्धात डाव्या हाताला. त्या बाजूचे आणि वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, ज्यावरून गेला ते जलाशय पहिल्या दिवशी बघा. डोळ्यात अडकलेले पक्षी वादळ विरतं तिथे खाली येतात. मात्र सगळेच असहाय नसतात. जपानजवळच्या स्ट्रीक्ड शीअरवॉटरवरच्या २०२२ च्या अभ्यासात जीपीएस लावलेले काही पक्षी चक्क टायफूनच्या डोळ्याच्या दिशेने उडत गेल्याचं दिसलं. जमिनीवर फेकलं जाण्यापेक्षा त्यांना ते बरं वाटत असावं.

धोक्याचा इशारा उतरल्याशिवाय मात्र कोणीही किनाऱ्यावर जायचं नाही, हे पानाच्या सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात.