रेडिसमध्ये निकाल ठेवूनही डेटाबेसवर लोड का येतो?

प्रश्न:
मायएसक्यूएल डेटाबेस ५.७ वरून ८.० वर आल्यापासून वस्तूंच्या यादीचं पान मंदावलंय, क्वेरीला ८०० मिलिसेकंद लागतात. म्हणून निकाल रेडिसमध्ये (मेमरीत डेटा ठेवणारा वेगवान साठा) ३०० सेकंदांसाठी ठेवला. तरी दर पाच मिनिटांनी डेटाबेसचा सीपीयू उसळतो आणि किंमत बदलल्यावरही ग्राहकाला जुनीच दिसते. मुदत वाढवू की कमी करू?

उत्तर १:
मुदतीशी खेळून दोन्ही सुटणार नाहीत. ८.० मधून क्वेरी कॅशे (निकाल साठवून ठेवण्याची डेटाबेसची स्वतःची सोय) काढूनच टाकलाय, आणि ते योग्यच झालं. टेबलमधली एक ओळ बदलली तरी त्या टेबलवरचे सगळे साठवलेले निकाल बाद व्हायचे.

सीपीयूचं म्हणाल तर, मुदत संपली की त्या क्षणी आलेली प्रत्येक रिक्वेस्ट तीच क्वेरी चालवते. सेकंदाला १०० रिक्वेस्ट असतील तर ८०० मिलिसेकंदांत ८०. आणि ८० एकदम चालल्या की प्रत्येकीला आणखी वेळ लागतो. म्हणून क्वेरी एकानेच चालवावी. वेगळ्या लॉक-कीवर (की म्हणजे रेडिसमधल्या नोंदीचं नाव) 'सेट' कमांड 'एनएक्स' (की नसेल तरच लिही) आणि 'पीएक्स ५०००' (५००० मिलिसेकंदांची मुदत) सकट एकदाच द्या. 'सेटएनएक्स' आणि मग 'एक्स्पायर' (मुदत लावणारी कमांड) असं दोनदा केलंत आणि मध्येच प्रोसेस मेली, तर लॉक कायमचा अडकतो. ज्यांना लॉक मिळाला नाही त्यांनी ५० मिलिसेकंद थांबून कॅशे पुन्हा वाचावा. शिवाय मुदतीत ० ते ६० सेकंद रँडम मिळवा, म्हणजे सगळी पानं एकाच वेळी शिळी होणार नाहीत.

उत्तर २:
जुन्या किमतीसाठी: ट्रान्झॅक्शन कमिट झाल्यावरच, म्हणजे डेटाबेसमधला बदल पक्का झाल्यावरच, कॅशे बाद करा. आधी केलात तर मधली रिक्वेस्ट जुनी ओळ वाचून तीच परत भरते. यादीला फिल्टर आणि पान क्रमांक असल्यामुळे एका श्रेणीच्या शेकडो कॅशे-की होतात. त्या शोधायला 'कीज' कमांड (सगळ्या की धुंडाळणारी) लाइव्ह सर्व्हरवर अजिबात वापरू नका, ती संपेपर्यंत रेडिस बाकी सगळ्यांना ताटकळत ठेवतं. कॅशे-कीच्या नावातच आवृत्ती घाला: 'श्रेणी:१२:आ७:पान३'. किंमत बदलली की आवृत्ती 'इन्कर'ने (आकडा एकने वाढवणारी कमांड) वाढवा. जुन्या नोंदी मुदत संपून आपोआप जातील. कॅशे भरताना रिप्लिका (डेटाबेसची प्रत) वाचत असाल तर ती मागे असू शकते, तेव्हा प्रायमरीवरून (मूळ डेटाबेसवरून) वाचा. आणि पैसे घेतानाची किंमत नेहमी थेट डेटाबेसमधून घ्या.

उत्तर ३:
या सगळ्याआधी 'एक्सप्लेन' (डेटाबेस क्वेरी कशी चालवतो ते दाखवणारी कमांड) चालवा. 'टाइप'मध्ये 'ऑल' (सगळं टेबल वाचणं) आणि शेवटी 'युझिंग फाइलसॉर्ट' (इंडेक्सशिवाय क्रम लावणं) दिसलं, तर श्रेणी आणि किंमत या क्रमाने जोड-इंडेक्स (दोन्ही रकान्यांचा मिळून एक) करून बघा. कदाचित कॅशेची गरजच उरणार नाही.

रेडिसची 'मॅक्समेमरी'ही (मेमरीची मर्यादा) ठरवा. मेमरी भरल्यावरचं धोरण मूळचं 'नोइव्हिक्शन' (काहीच न काढणं) असतं, त्यामुळे मर्यादा भरली की लिहिणं एरर देतं. 'ऑलकीज-एलआरयू' (बराच वेळ न वापरलेल्या नोंदी आधी काढणं) ठेवलंत तर लॉगिन सेशन वेगळ्या रेडिसवर हलवा, नाहीतर तीही उडतील. वर सुचवलेली आवृत्तीची कीसुद्धा उडू शकते, आणि मग मोजणी पुन्हा १ पासून सुरू होऊन जुनी नोंद सापडू शकते. आकड्याऐवजी मिलिसेकंदांतली वेळ ठेवलीत तर ही अडचण राहत नाही.