मदत हवी आहे: वासावरून ओळखलेलं खमीर दुसऱ्याला कसं शिकवावं?
माझी बहीण बेकर आहे. आंबवलेलं पीठ भट्टीत कधी घालायचं हे ती केवळ वासावरून सांगते, आणि सहसा चुकत नाही. आता ती जन्मगावी परतून बेकरी नव्याने उभारतेय. पाणी बदललं, पीठ बदललं; पाण्यात क्षार जास्त असले की मळलेलं पीठ ताठ होतं, कमी असले की चिकट. तिचं नाक जुळवून घेईल, पण मदतनिसांचं काय? खमिराचा पीएच (आंबटपणाचं माप) ४ च्या आसपास आला की ते तयार, एवढं मोजता येतं. पुढे मळलेलं पीठ पुरेसं फुगलं का, हे ओळखणं खरं अवघड! ते नवख्यांना तुम्ही कसं शिकवलंत? पीएच मीटर रोजच्या धबडग्यात टिकतो का? तिची ही देणगी इतरांपर्यंत पोहोचावी असं मनापासून वाटतं. कृपया सविस्तर सांगा.