वजन उतरलं म्हणून भाकरी वाढवू नका

वृद्धाश्रमात कुणाचं वजन उतरलं की ताटात एक भाकरी जास्त वाढावी, असा सल्ला काहीजण देतात. पटत नाही. भूकच मेलेली असते; भरलं ताट बघून आजी दोन घास कमीच खातात. घास तेवढेच ठेवून त्यात भर घाला: वरणात कुस्करलेल्या ज्वारीच्या भाकरीवर १० ग्रॅम तूप (९० कॅलरी), भाजीत १५ ग्रॅम शेंगदाण्याचं कूट (साधारण ८५). कूट बारीकच हवं, कण कवळीखाली रुतले की घास थुंकला जातो. ठसका लागणाऱ्यांना मात्र कूट नकोच.

आपल्या मराठवाड्यात मे महिन्यात दुपारचं जेवण तसंही जात नाही, मुख्य जेवण सकाळी नऊलाच उरका. वजन दर महिन्याला, त्याच काट्यावर, लघवी झाल्यावर. ६० किलोचे ५७ झाले तर डॉक्टरांना दाखवा. पायाला सूज असेल तर काटा फसवतो, तेव्हा दंडाचा घेर टेपनं मोजा.